इंडोनेशियन पेन्शनर, पोलिश कामगार: नेदरलँड्समधल्या दोन समाजांचा हिशेब

नेदरलँड्सचं सरकारी सांख्यिकी कार्यालय, म्हणजे सीबीएस, 2022 पर्यंत परदेशी मुळाच्या लोकांचे दोन गट करायचं: 'पाश्चात्त्य' आणि 'अपाश्चात्त्य'. तुर्कस्तान, मोरोक्को, सुरिनाम दुसऱ्या गटात. भारतही अर्थात तिथेच. इंडोनेशिया मात्र पहिल्या गटात! जावा-सुमात्रा नकाशात कुठे आहेत हे त्या कार्यालयाला चांगलंच ठाऊक होतं, तीन शतकांहून जास्त काळाचा, वसाहतीचा संबंध होता. पण तिथून आलेल्यांचं उत्पन्न, नोकऱ्या, राहणीमान हे सगळं सर्वसाधारण डच कुटुंबाच्या इतकं जवळ आलं होतं की कारकुनी सोयीसाठी इंडोनेशिया पश्चिमेला नेऊन ठेवला.

पोलंड त्याच गटात होता, आणि त्यात नवल काही नाही, तो युरोपातलाच देश. म्हणजे सरकारी तक्त्यात इंडोनेशियन आणि पोलिश शेजारी शेजारी बसले. प्रत्यक्षात एकीकडे हेगमधल्या स्वतःच्या घरात राहणारे, निवृत्तिवेतन घेणारे आजी-आजोबा, आणि दुसरीकडे हेगजवळच्या वेस्टलंड भागातल्या काचघरांत टोमॅटो तोडणारा, एजन्सीने दिलेल्या खोलीत दुसऱ्या कामगारासोबत राहणारा तिशीतला माणूस.

इंटरनेटवर अशा तुलना पुष्कळ सापडतात, विशेषतः अमेरिकेच्या. अमुक समाजाचं उत्पन्न इतकं, तमुक समाजाचं तितकं, मग कोण पुढे, कोण मागे. वाचणारा लगेच निष्कर्ष काढतो: हे लोक मेहनती, ते आळशी, यांच्यात शिक्षणाची आवड, त्यांच्यात नाही. मला हे निष्कर्ष फार स्वस्त वाटतात. नेदरलँड्समध्ये हे दोन्ही समाज लाखांच्या संख्येने आहेत आणि दोघांच्या येण्याचा इतिहास नीट नोंदलेला आहे, म्हणून तुलना तिथेच करून पाहू.

आधी संख्या. इंडोनेशियन मुळाचे लोक साडेतीन लाखांच्या आसपास आहेत, आणि ही संख्या दरवर्षी घटते आहे. 2000 साली ती चार लाखांवर होती. पोलिश मुळाचे 2000 साली सुमारे 30 हजार होते, आज ते दोन लाखांच्या वर आहेत. एक समाज म्हातारा होत चाललाय, दुसरा नुकता भरात आलाय. नुसत्या एवढ्या फरकानेही सरासरी उत्पन्नाची तुलना डळमळते. ऐंशी वर्षांच्या माणसाचं उत्पन्न म्हणजे पेन्शन, तिशीतल्याचं उत्पन्न म्हणजे पगार. घर कुणाचं फेडून झालंय, बँकेत कुणाचं साठलंय, हे वयाशीच बांधलेलं असतं.

आता 'इंडोनेशियन मुळाचा' म्हणजे कोण? इथे खरी गंमत आहे. सीबीएसच्या हिशेबात माणूस स्वतः परदेशात जन्मला असेल, किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी एक तरी परदेशात जन्मला असेल, तर त्याला परदेशी मूळ. 1955 साली जकार्ताहून आलेला माणूस मोजला जातो. त्याची 1960 साली हेगमध्ये जन्मलेली मुलगीही मोजली जाते. तिचं डच माणसाशी लग्न झालं आणि 1990 मध्ये मुलगा झाला, की तो मुलगा यादीबाहेर. त्याच्या घरी सांबाल ही मिरचीची चटणी असेल, आजोबांच्या गोष्टी असतील, चेहऱ्यावर जावा असेल, पण तक्त्याच्या दृष्टीने तो निव्वळ डच. दरवर्षी घटणाऱ्या संख्येचं कारण हेच: पहिली पिढी मरते आहे आणि तिसरी मोजलीच जात नाही.

शिवाय या आकड्यात गोरे डचही आहेत. वसाहतीच्या काळात तिथे चाकरीला गेलेल्या कुटुंबांची, मळेवाल्यांची, अधिकाऱ्यांची मुलं जावा-सुमात्रात जन्मली. त्यांचाही जन्मदेश इंडोनेशिया. त्यांच्या पगाराने 'इंडोनेशियन' सरासरी वर ओढली जाणारच.

बाकी बहुसंख्य म्हणजे 'इंडो', डच आणि स्थानिक अशा मिश्र रक्ताचे लोक. 1945 मध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, 27 डिसेंबर 1949 ला सत्तांतर झालं, आणि या लोकांच्या पायाखालची जमीन सरकली. इंडोनेशियात ते जुन्या मालकांचे नातेवाईक, आणि हॉलंड त्यांनी बहुतेक वेळा फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं. 1957 च्या डिसेंबरात डचांनी स्वतःकडे ठेवलेल्या पश्चिम न्यू गिनीच्या वादावरून राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंच्या सरकारने डच कंपन्या ताब्यात घेतल्या, डच नागरिकांना देश सोडायला लावला, आणि उरलेसुरलेही बोटीवर चढले. 1945 पासून साठच्या दशकापर्यंत मिळून जवळपास तीन लाख माणसं आली.

आल्यावर त्यांना कुणी ओवाळलं वगैरे नाही. डच सरकारची सुरुवातीची इच्छा तर अशी होती की जे 'इंडोनेशियात रुजलेले' आहेत त्यांनी तिथेच राहावं. युद्धाने घरं पडलेली, त्यात ही गर्दी. मग सरकारने हॉटेलं आणि बोर्डिंगं कंत्राटाने घेतली आणि एकेका कुटुंबाला एकदोन खोल्या दिल्या. स्वतःचा स्वयंपाक करायची सोय बहुतेक ठिकाणी नसायची, मालकीण वाढेल ते खायचं, म्हणजे बहुतेकदा उकडलेले बटाटे. घरातल्या कर्त्याला नोकरी लागली की राहण्या-जेवणापोटी उत्पन्नाचे 60 टक्के सरकारजमा. गरम कपडे आणि फर्निचरसाठी मिळालेले पैसेही कर्ज म्हणून, हप्त्याने फेडायचे. समाजसेविका घरी येऊन बायकांना बटाटे कसे करायचे आणि घरखर्च कसा लिहायचा हे शिकवत. ज्या बाईने सुराबायाच्या बंगल्यात चार नोकर सांभाळले, तिला!

नोकरीतही पायरी उतरावी लागली. तिकडचे दाखले आणि नोकरीची वर्षं पूर्ण धरली जात नसत. तिकडचा हेडक्लार्क इकडे साधा कारकून. जपानी ताब्याच्या काळात, 1942 ते 1945, सरकारी नोकरांचा आणि वसाहतीच्या सैन्याचा थकलेला पगार तर अनेक दशकं मिळालाच नाही. 2015 मध्ये सरकारने 25 हजार युरो द्यायचं ठरवलं, तेही 15 ऑगस्ट 2015 ला जे हयात होते त्यांनाच. तोवर बहुतेक हक्कदार गेले होते.

इतकं सगळं होऊनही हा समाज वर आला. तो चांगला वागला, गप्प राहिला, डचांत मिसळला, असं त्याचं कौतुक डच लोक आजही करतात. पण त्यांच्या हातात काय होतं ते आधी पाहा. पहिल्या दिवसापासून डच नागरिकत्व. डच भाषा, डच शाळा. नव्या सरकारी अनुदानित घरांतला ठरावीक वाटा त्यांच्यासाठी राखलेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ: पन्नास-साठच्या दशकांत डच कारखान्यांना आणि कचेऱ्यांना माणसं कमी पडत होती. पायरी उतरून का होईना, पण शिडी मिळाली, आणि शिडी वर जाणारी होती. शिवाय ज्यांना इथे जमलं नाही, थंडी सोसली नाही, ते पुढे अमेरिकेला, मुख्यतः कॅलिफोर्नियाला निघून गेले. 1958 नंतर अमेरिकेने त्यांच्यासाठी खास व्हिसे काढले होते. म्हणजे डच तक्त्यात उरले ते टिकलेले.

सवलत आणि वेळ यांचा वाटा नक्की किती हे कसं ठरवायचं? नशिबाने, किंवा दुर्दैवाने, इतिहासाने त्याची चाचणी करूनच ठेवली आहे. त्याच दशकात, त्याच द्वीपसमूहातून दुसरा एक गट आला: मोलुक्कन. डच वसाहतीच्या सैन्यातले अंबोन आणि आसपासच्या बेटांवरचे सैनिक, बायकामुलांसह सुमारे 12,500 माणसं, 1951 मध्ये. सहा महिन्यांत परत जायचंय असं दोन्ही बाजूंनी धरलेलं. बोट लागली आणि सैनिकांच्या हातात सैन्यातून बडतर्फीचे कागद पडले. राहायला छावण्या. त्यातली एक वेस्टरबोर्क, जिथून काही वर्षांपूर्वी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवलं होतं. तिचं नाव बदलून तिथे या कुटुंबांना ठेवलं. दुसरी फुख्टजवळ, ती तर नाझींनीच बांधलेली. जेवण सामाईक स्वयंपाकघरातून, हातात आठवड्याचा थोडा खर्च, आणि सुरुवातीला काम करायला मज्जाव. तात्पुरती आलेली माणसं, त्यांना नोकरी कशाला, असा विचार. 1956 मध्ये धोरण उलटलं: आता स्वतःचं स्वतः बघा. पाच वर्षं माणसाला बसवून ठेवायचं, मग म्हणायचं कमव. नागरिकत्वाचा घोळ तर इतका की अनेक जण कुठल्याच देशाचे नागरिक उरले नव्हते. डच नागरिकांसारखी वागणूक देणारा कायदा 1976 मध्ये झाला.

परिणाम आकड्यांत दिसायचे तसे दिसले. मोलुक्कन मुलांचं शिक्षण मागे, बेकारी जास्त. 1975 आणि 1977 मध्ये तरुणांनी आगगाड्या ओलीस धरल्या, त्यात माणसं मेली, तेव्हा कुठे देशाचं लक्ष गेलं. 1986 च्या समझोत्यात सरकारने पहिल्या पिढीला दर वर्षी 2,000 गिल्डर (युरोआधीचं डच चलन) आणि तरुणांसाठी 1,000 नोकऱ्यांची योजना कबूल केली. मूळ देश एक, हवामान एक, खाणं जवळजवळ एक. फरक होता तो कागदपत्रांचा, राहायच्या जागेचा, आणि काम करू देण्याचा. 'संस्कृती'ने सगळं समजावता येतं असं मानणाऱ्यांनी या दोन गटांपुढे थोडं थांबावं. आणि तक्त्यात हे दोघेही 'इंडोनेशियन'च, एकाच सरासरीत.

आता पोलिश लोकांकडे वळू. त्यांची पहिली ओळख डचांना चांगली आहे. ब्रेडा शहर 29 ऑक्टोबर 1944 ला जनरल स्टानिस्लाव माचेक यांच्या पोलिश चिलखती डिव्हिजनने जर्मनांच्या तावडीतून सोडवलं. काही सैनिक तिथेच राहिले, लग्नं केली. खुद्द जनरलसाहेबांना युद्धानंतर ब्रिटनने सैनिकी पेन्शन दिलं नाही. एडिनबर्गच्या हॉटेलात बारमनची नोकरी करून त्यांनी घर चालवलं. युद्धाने उधळलेले पोलिश तेव्हा कुठे कुठे होते हे आपल्याकडेही माहीत आहे: 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते.

आजचा पोलिश समाज मात्र या सैनिकांच्या वंशातला नाही. तो मुख्यतः 1 मे 2004 नंतरचा, जेव्हा पोलंड युरोपीय संघात आला. नेदरलँड्सने आणखी तीन वर्षं कामाच्या परवान्याची अट धरून ठेवली आणि 1 मे 2007 ला दार पूर्ण उघडलं. का आले, हे समजायला 2004 चे दोन आकडे पुरेत. पोलंडमधलं किमान मासिक वेतन 824 झ्लॉटी, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेदोनशे ते दोनशे युरो. नेदरलँड्समधलं 1,264.80 युरो. सहा-सातपट. रात्री बसमध्ये बसलं की सकाळी हॉलंड. कोण थांबेल?

कामं कुठली, तर वेस्टलंडची काचघरं, फुलांचा लिलाव आणि पॅकिंग, ब्राबांटमधले कत्तलखाने, अळिंबीच्या शेड, आणि फेन्लो, टिलबर्ग, वालवाइकजवळची प्रचंड गोदामं, जिथून ऑनलाइन ऑर्डर निघतात. आणि नोकरी देणारा बहुतेकदा काचघराचा मालक नसतो. मध्ये एजन्सी असते. एजन्सी पोलंडमध्ये भरती करते, बसने आणते, खोली देते, गाडीने कामावर सोडते, विमा काढते, आणि पगारातून त्याचे पैसे कापते.

पगाराची पावती जवळून पाहू, म्हणजे विषय कळेल. 1 जानेवारी 2024 ला किमान वेतन ताशी 13.27 युरो झालं. आठवड्याला 40 तास म्हणजे 530.80 युरो. राहण्यासाठी किमान वेतनाच्या जास्तीत जास्त 25 टक्के कापता येत, म्हणजे 132.70. आरोग्यविमा महिन्याला दीडशे युरोच्या आसपास, आठवड्याला धरा 34. उरले सुमारे 364, आणि कर अजून जायचाय. तरी पोलंडच्या मानाने हे बरंच आहे. पण हे गणित 40 तास मिळाले तर. ऑर्डरी कमी आल्या आणि 24 तासच काम निघालं, तर पगार 318.48 युरो. खोलीचं भाडं बहुधा तेवढंच राहतं.

कंत्राटही तसंच. सुरुवातीच्या टप्प्यात, जो साधारण वर्षभराचा असतो, मालकाने 'उद्यापासून नको' म्हटलं की एजन्सीचं कंत्राट तिथेच संपू शकतं. आणि खोली कंत्राटाला बांधलेली. एके काळी नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी जायचं. हल्ली सामूहिक कराराने काही आठवड्यांची मुदत मिळते. 2020 मध्ये, कोविडच्या काळात, खासदारकी केलेल्या एमिल रूमर यांच्या समितीने या सगळ्याचा अहवाल दिला. त्याचं शीर्षकच 'दुय्यम दर्जाचे नागरिक नकोत' अशा अर्थाचं होतं. अहवालातला एक मुख्य मुद्दा साधा: नोकरी देणारा आणि घर देणारा एकच नसावा.

इंडोच्या बोर्डिंगमधले 60 टक्के आणि पोलिश कामगाराचे 25 टक्के यांची तुलना करण्याचा मोह होतो. पण कापला जाणारा टक्का इथे गौण आहे. इंडो कुटुंब बोर्डिंगमधून निघालं की सरकारी अनुदानित घरात जायचं आणि भाडेकरू म्हणून पक्कं व्हायचं. पोलिश कामगार एजन्सीच्या खोलीतून निघाला तर त्याला घरांच्या प्रतीक्षायादीत कित्येक वर्षं थांबावं लागतं, आणि खासगी बाजारात घर घ्यायला पक्की नोकरी दाखवावी लागते, जी त्याच्याकडे नाही. आधी नोकरी पक्की की आधी घर पक्कं, या फेऱ्यातून जे सुटतात तेच पुढे पत्ता नोंदवतात, बायकोमुलांना आणतात.

आणि हेच आकड्यांना भोवतं. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंदवायचं असतं. त्याहून कमी राहणाऱ्यांची अनिवासी अशी वेगळी नोंद. पुष्कळ हंगामी कामगार प्रत्यक्षात जास्त राहूनही अनिवासीच राहतात. मग घरगुती उत्पन्नाच्या तक्त्यात 'पोलिश' म्हणून जे दिसतात ते बऱ्यापैकी स्थिरावलेले. सगळ्यात कमी कमावणारे, एका खोलीत दोघे राहणारे, त्यात येतच नाहीत. म्हणजे पोलिश समाजाची नोंदलेली परिस्थितीही वास्तवापेक्षा थोडी चांगली दिसते.

दुसरीकडे, फक्त डच बाजूचं उत्पन्न पाहून या लोकांना गरीब म्हणणंही अर्धवट. पुष्कळांचं घर पोलंडमधल्या ओपोलेजवळच्या गावात बांधून होतंय, ट्रॅक्टर तिकडे आहे, बचत झ्लॉटीत आहे. डच सर्वेक्षणाला ते दिसत नाही. आपल्याकडे आखाती देशांत गेलेल्या रत्नागिरीच्या माणसाची मोजदाद त्याच्या लेबर कॅम्पमधल्या कॉटवरून केली तर जेवढं कळेल, तेवढंच.

आणि हो, पोलिश म्हणजे सगळे काचघरातलेच नाहीत. आयंटहोफनमध्ये पोलिश इंजिनियर आहेत, ॲमस्टरडॅममध्ये बँकांत काम करणारे आहेत, स्वतःच्या नावावर गवंडीकाम आणि रंगकाम घेणारे तर खूप. शहरागणिक पोलिश किराणा दुकानं उघडली आहेत, इंडोंच्या 'टोको' म्हणवल्या जाणाऱ्या किराणा दुकानांसारखीच. आयंटहोफन आणि आम्स्टलफेनमधल्या मराठी आयटीवाल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल, फक्त त्यांच्यापैकी बहुतेक जण थेट कंपनीच्या कंत्राटावर आणि खास करसवलतीसह आलेले असतात. तो आणखी तिसराच रस्ता.

म्हातारपणाचा हिशेब पोलिश लोकांपुढे आता येऊ लागलाय. डच सरकारी पेन्शन देशात राहिलेल्या किंवा काम केलेल्या प्रत्येक वर्षामागे 2 टक्के जमतं. 50 वर्षं झाली तर पूर्ण. 2007 मध्ये 35 व्या वर्षी आलेला माणूस निवृत्तीपर्यंत राहिला तर त्याला साधारण 64 टक्के मिळेल. मध्ये पाच वर्षं पोलंडला गेला तर 10 टक्के कमी, आणि तेवढ्या काळाचं पोलिश पेन्शन वेगळं. युरोपीय संघात हे पैसे कुठेही नेता येतात, त्यामुळे निवृत्त होऊन गावी परतणाऱ्याला तोटा नाही.

प्रश्न उरतो तो किती जण थांबतील याचा. 2024 च्या सुरुवातीला पोलंडचं किमान वेतन 4,242 झ्लॉटी झालं, म्हणजे हजार युरोच्या थोडंसं खाली. डच किमान वेतन 40 तासांच्या आठवड्याने महिन्याला 2,300 च्या आसपास. सहा-सातपट होती ती तफावत सव्वादोन-अडीचपटीवर आली, आणि पोलंडमध्ये राहणं अजूनही स्वस्त आहे. वेस्टलंडच्या एजन्सींना हे केव्हाच कळलंय. त्यांची भरती आता रोमानिया आणि बल्गेरियाकडे वळली आहे, आणि पोलंडमधल्या रिकाम्या जागा युक्रेनियन कामगार भरत आहेत.